शेळी आजारी पडली, गोड गोळ्या द्यायच्या का?



या पानावर आपण नेहमी माणसांच्या आजारांबद्दल बोलतो. या वेळी शेळी आणि गायीबद्दल बोलणार आहोत. वस्तीतल्या बैठकीत बाया बीपी, पांढरे पाणी, लेकरांचा खोकला असे सगळे विचारतात. बैठक संपली, चटया गोळा व्हायला लागल्या, की एखादी ताई मागे थांबते आणि हळूच म्हणते, "मॅडम, शेळीला होमिओपॅथीच्या गोळ्या चालतात का हो?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा आला, की त्याला नीट उत्तर देणे आमचे काम आहे असे वाटले.

प्रश्न कुठून येतो तेही कळले. एका वस्तीत मोटारसायकलवर एक माणूस येऊन गेला होता. त्याने सांगितले, "आता जमाना सेंद्रियचा आहे. इंजेक्शन बंद करा, लस बंद करा, हे थेंब पाण्यात टाका. सेंद्रिय दुधाला भाव डबल." एका ताईने बाटली घेतली. पुढे तिच्या शेळीची कास सुजली, तेव्हा ती पाच दिवस थेंबच देत राहिली. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेली तेव्हा कासेची एक बाजू थंड आणि निळी पडली होती. शेळी वाचली, पण ती बाजू गेली. दोन करडांना आई असून बाटलीने दूध पाजावे लागले.

शेळी म्हणजे आपली बचत

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, दुधासाठी ओळखला जातो. संगमनेर, राहाता, राहुरी भागात गावोगाव दूध संकलन चालते. संगमनेरी ही शेळीची नावाजलेली जात आपल्याच जिल्ह्याच्या नावावर आहे. ती दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर काम चालते.

पण वस्तीतल्या घराला शेळी जातीमुळे मोठी वाटत नाही. जमीन नाही, बँकेत पैसा नाही, अशा घरात शेळी हीच ठेव असते. पोरीची फी, म्हाताऱ्याचे ऑपरेशन, घरावरचा पत्रा, सगळ्याला शेवटी तीच उभी राहते. ज्याच्या दावणीला पन्नास गायी आहेत, त्याची एक गेली तर नुकसान होते. आपल्या दोनातली एक गेली तर निम्मी ठेव जाते. म्हणून जनावराच्या औषधाबाबत चुकीचा सल्ला आपल्याला सगळ्यात महाग पडतो.

सेंद्रियचा नियम खरंच काय सांगतो?

मोटारसायकलवाल्याचे बोलणे पूर्ण खोटे नव्हते, आणि त्यामुळेच ते जास्त फसवे होते. आपल्या देशात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. त्यात पुढे जनावरांचेही नियम आले. त्या नियमांत होमिओपॅथी, आयुर्वेद, युनानी अशा पद्धतींवर भर द्यावा असे म्हटलेले आहे. युरोपातल्या सेंद्रिय नियमांतही वनस्पतींची औषधे आणि होमिओपॅथी यांना आधी पसंती दिली आहे.

पण त्याच नियमात पुढे जे लिहिले आहे, ते बाटली विकणारा सांगत नाही. उपचार निवडताना जनावराचे हित सगळ्यात आधी पाहायचे. दुसऱ्या उपायाने भागत नसेल तर नेहमीचे औषध द्यायला परवानगी आहे. ते दिल्यावर दूध किंवा मांस विकण्याआधी थांबण्याचा काळ दुप्पट धरायचा, अशी अट आहे. त्या भागात रोग येत असेल तर लस चालते, आणि कायद्याने सक्तीची लस तर चालतेच. अमेरिकेचा नियम सर्वात कडक आहे. तिथे अँटिबायोटिक दिले की ते जनावर सेंद्रिय राहत नाही. तरीही शिक्का टिकवण्यासाठी आजारी जनावराचा उपचार रोखायचा नाही, असे तोच नियम बजावतो.

म्हणजे जगात कुठलाही सेंद्रिय नियम "लस बंद करा, सुई बंद करा" असे सांगत नाही. आणखी एक गोष्ट. सेंद्रिय हा शब्द भावासाठी वापरायचा तर प्रमाणपत्र लागते, नोंदवही लागते, तपासणी होते. नुसते थेंब दिल्याने आपले दूध सेंद्रिय होत नाही. डेअरीवर त्याला फॅट आणि डिग्रीप्रमाणेच भाव मिळतो.

त्या गोळीत काय असते?

होमिओपॅथी ही सॅम्युअल हानेमान या जर्मन डॉक्टरने सुरू केलेली पद्धत. त्याने १७९६ मध्ये तिचा मूळ विचार मांडला. निरोगी माणसात जो पदार्थ एखादे लक्षण उभे करतो, तोच पदार्थ अगदी थोडा दिला की ते लक्षण बरे होते, असा तो विचार. उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. कांदा चिरला की नाका-डोळ्यांतून पाणी येते. म्हणून नाक गळणाऱ्या सर्दीवर होमिओपॅथीत कांद्यापासून केलेले औषध देतात. त्याचे नाव अ‍ॅलियम सेपा.

आता "अगदी थोडा" म्हणजे किती ते पाहू. मूळ अर्काचा एक भाग घ्यायचा, त्यात नव्याण्णव भाग अल्कोहोल किंवा पाणी टाकून हलवायचे. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्याण्णव भागांत मिसळायचा, ही दुसरी पायरी. बाटलीवर ३० लिहिले असेल तर असे तीस वेळा केलेले असते. २०० लिहिले असेल तर दोनशे वेळा.

आपले भंडारदरा धरण डोळ्यासमोर आणा. त्याची क्षमता साधारण ११ टीएमसी. भरलेल्या धरणात कांद्याच्या रसाचा एक थेंब टाकला आणि सगळे पाणी ढवळले, तर तो रस जेवढा पातळ होईल, तेवढा तो जवळपास आठव्या पायरीवरच झालेला असतो. तिसावी पायरी त्याच्या आणखी बावीस पायऱ्या पुढे आहे. रसायनशास्त्राच्या हिशोबाने बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक कणही शिल्लक असण्याची शक्यता जवळजवळ नसते. उरते ती साखरेची गोळी किंवा अल्कोहोल-पाणी. मदर टिंक्चर म्हणतात त्यात आणि अगदी खालच्या पायरीच्या औषधात मात्र मूळ पदार्थ असतो, हेही लक्षात ठेवा.

होमिओपॅथी मानणारे म्हणतात, पदार्थ नसला तरी त्याची शक्ती राहते. आपण वाद घालायला नको. एक सरळ प्रश्न विचारू: तपासून पाहिले तेव्हा काय दिसले?

जनावरांवर तपासले तेव्हा

युरोपात सेंद्रिय गोठ्यांवर होमिओपॅथी बरीच वापरतात, म्हणून तिथे तिच्यावर अभ्यासही झाले. हे अभ्यास कसे करतात ते समजून घ्या. आजारी गायींचे चिठ्ठ्या टाकून गट करतात. एका गटाला खरे औषध, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कोणत्या गायीला काय दिले हे तपासणाऱ्यालाही माहीत नसते. मग दोन्ही गटांत किती बऱ्या झाल्या ते मोजतात. असे केले म्हणजे कोणाच्या मनाचा कल निकालात येत नाही.

जर्मनीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार गोठ्यांवरच्या १८० गायी होत्या. आजार होता कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तो. प्रत्येक गायीची लक्षणे पाहून तिच्यासाठी वेगळे होमिओपॅथी औषध निवडले होते. निष्कर्ष असा निघाला, की साध्या गोळ्यांपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली. दुधाच्या तपासणीत जंतू सापडलेच नाहीत अशा गायींत अँटिबायोटिकचाही खास फायदा दिसला नाही. ती गोष्ट पुढे कामाला येईल.

एकच अभ्यास पाहून मत करू नये. १९८१ ते २०१४ या काळात गायी, डुकरे, कोंबड्या यांच्यावर झालेल्या ५२ चाचण्या दोन संशोधकांनी एकत्र तपासल्या. २८ चाचण्यांत होमिओपॅथीच्या बाजूने निकाल होता, २२ मध्ये परिणाम दिसला नव्हता. ऐकायला हे बरोबरीचे वाटते. पण एका ठिकाणी चांगला दिसलेला निकाल तशाच परिस्थितीत दुसऱ्या कोणी पुन्हा करून दाखवलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये डुकरिणींना गाभण असताना औषध दिले आणि पिल्लांची हगवण कमी झाली, असा एक निकाल २०१० मध्ये आला होता. तोही असाच एकटा होता. म्हणून अँटिबायोटिकच्या जागी होमिओपॅथी वापरावी एवढा पुरावा नाही, असे त्या दोघांनी लिहिले.

"पण आमची शेळी बरी झाली की!"

हे आम्ही नेहमी ऐकतो, आणि सांगणारी ताई खोटे बोलत नाही. शेळी खरंच बरी होते. मात्र का बरी झाली हे बघायला हवे.

बरेच किरकोळ आजार आपोआप बरे होतात. हलकी दगडी, एखाद्या दिवसाची हगवण, थोडी सर्दी, ही शरीर स्वतःच निस्तरते. दुसरे म्हणजे आपण औषध कधी देतो? आजार सगळ्यात जास्त वाढलेला असतो तेव्हा. त्यानंतर तो बहुतेक वेळा उतरणारच असतो. तिसरे, औषध सुरू केले की आपण जनावराकडे जास्त लक्ष देतो. जागा कोरडी करतो, कास धुतो, चार वेळा धार काढून कास मोकळी करतो, ताजा घास पुढे टाकतो. उपयोग त्या सेवेचा होतो आणि नाव गोळीचे होते.

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पहिली सवय लावली गेली ती तक्ता भरण्याची. ताप किती, नाडी किती, लघवी किती, सगळे वेळेसह लिहायचे. "बरे वाटतंय" एवढे चालत नसे. तीच सवय गोठ्यातही लावा. जुन्या वहीत तारीख, दूध किती, खाल्ले का, रवंथ केले का, ताप किती, एवढे लिहा. शेळीचा ताप साधारण १०२ ते १०३.५ आणि गायीचा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. थर्मामीटर जनावरासाठी वेगळा ठेवा. वही बोलते तेव्हा आपल्याला आणि डॉक्टरला अंदाजावर चालावे लागत नाही.

औषधांचा मारा हा खरा प्रश्न आहे

होमिओपॅथीवर बोललो म्हणून सुयांचे गुणगान करायचे नाही. जनावरांना वाट्टेल तशी अँटिबायोटिक टोचली जातात, हे आपण पाहतो. दुकानातून बाटली आणायची, अंदाजाने टोचायची, दुसऱ्या दिवशी उतार दिसला की बंद करायची. यात अर्धे जंतू मरतात, उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. तेच जंतू पुढे माणसात आले तर माणसाचे औषधही चालत नाही. याच भीतीने कोलिस्टीन हे माणसांसाठी राखून ठेवलेले औषध जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने तर मेलेली जनावरे खाणारी गिधाडे संपत आली, म्हणून ते जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झाले.

म्हणून सेंद्रियवाल्यांची काळजी खरी आहे. त्यावरचा उपाय मात्र असा: तपासून औषध द्यायचे, ठरलेले दिवस पूर्ण द्यायचे, आणि बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या जनावराचे दूध घरात प्यायचे नाही आणि डेअरीला घालायचे नाही. जर्मनीतल्या त्या अभ्यासाने हेच दाखवले. प्रत्येक दगडीला अँटिबायोटिक लागत नाही, पण कोणत्या दगडीला लागते हे दुधाच्या तपासणीतून कळते, गोळ्या निवडून कळत नाही.

चांगल्या सेंद्रिय गोठ्यावर आजार कमी असतात ते कोरडी जागा, पुरेशी मोकळीक, चांगली वैरण, स्वच्छ पाणी आणि रोजची नजर यांमुळे. यातले बरेचसे वस्तीतही जमते.

दगडी होऊ नये म्हणून

धार काढण्याआधी हात साबणाने धुवा. कास स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर किंवा गडद ताटलीत काढा. गाठी, पाणचट दूध किंवा रक्त दिसले तर आजार सुरू झाला. या पहिल्या धारा जमिनीवर सोडू नका, जंतू तिथेच राहतात. आजारी जनावराची धार सगळ्यात शेवटी काढा. धार झाल्यावर पुढ्यात वैरण टाका, म्हणजे जनावर अर्धा तास उभे राहील आणि सडाचे तोंड मिटेपर्यंत चिखलात बसणार नाही.

सुरुवातीच्या दगडीसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक लेप सांगते. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. कास धुऊन, दूध पूर्ण काढून, त्यातला मूठभर लेप पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. हा लेप आणि होमिओपॅथी एक नव्हे. यात खरी हळद आहे, खरी कोरफड आहे, मोजून घेता येते, परिणाम तपासता येतो. तरीही शेळीला ताप असेल किंवा ती खात नसेल तर लेपावर थांबू नका.

लस टाळू नका

लसीला गोळ्या-थेंबांचा पर्याय नाही, हे लक्षात असू द्या. शेळ्यांना पीपीआरची लस तीन महिन्यांच्या वयानंतर द्यायची आणि तीन वर्षांनी पुन्हा. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. गायी-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. कालवडीला ब्रुसेल्लाची लस चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली, ते आपल्याला आठवत असेल. सरकारी पथक आले की जनावर लपवू नका.

ब्रुसेल्लाबद्दल बायांना खास सांगणे आहे. गाभडलेल्या जनावराचे पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हा आजार माणसाला होतो. ताप येतो-जातो, सांधे दुखतात, आणि महिनोन्महिने निदान होत नाही. दूध नेहमी उकळूनच प्या.

एक दिवसही थांबू नका, जेव्हा...

जनावराला जोराचा ताप आहे, रवंथ बंद आहे. कास गरम, कडक आणि दुखरी आहे, किंवा उलट थंड आणि निळी पडली आहे. घशाला सूज येऊन श्वास घरघरतो आहे. पोट डाव्या बाजूने फुगले आहे. शेण रक्ताचे आहे. व्याताना तासाहून जास्त कळा देऊनही पिल्लू येत नाही. अशा वेळी गोळी नको, लेप नको. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. फिरता दवाखाना यासाठीच आहे. गावात पशुसखी असेल तर तिला आधी हाक मारा.

जनावर अचानक मेले आणि नाका-गुदातून काळे, न गोठणारे रक्त आले, तर ती फाशी म्हणजे काळपुळी असू शकते. त्याला कापू नका, कातडे काढू नका, मांस तर नकोच. डॉक्टरला कळवा. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे.

कालामांना दिलेला सल्ला

काही जण म्हणतील, होमिओपॅथीचा डॉक्टर आपल्या वस्तीत बसतो, कमी पैशात बोलतो, ऐकून घेतो, त्याच्याविरुद्ध का लिहिता? आम्ही माणसाविरुद्ध लिहीत नाही. त्याच्यासारखे ऐकून घेणे सरकारी दवाखान्यानेही शिकावे. पण गोळी असो, सुई असो, की कुणी गोमूत्राचा अर्क विकायला येवो, सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: तपासलंय का, आणि कसं?

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हाच मार्ग दाखवला. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. दावणीला बांधलेल्या मुक्या जनावराला उपचार वेळेवर मिळणे, ही त्या दयेची साधी कसोटी आहे.

हे शिकायला फार शिक्षण लागत नाही. आपल्याच जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायांना आरोग्यसेविका केले. त्यांत आपल्या समाजाच्या बायाही होत्या. त्या ताप मोजू लागल्या, बाळंतपणे सांभाळू लागल्या. गोठ्यातली वही लिहिणे त्याहून अवघड नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या जनावराच्या लसीची तारीख लिहून आणावी. ज्यांची राहिली असेल त्यांची यादी करू आणि दवाखान्यात एकत्र जाऊ.

नमो बुद्धाय, जयभीम.